हल्ल्यास जबाबदार संघटना

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी पर्सोनेल खात्यात होते. हजेरी, रजा, प्रॉव्हिडंट फंडाचे फॉर्म असली कामं. आमचे सेफ्टी ऑफिसर एका दिवाळीनंतर पुण्याला निघून गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची खुर्ची, त्यांच्या फायली आणि त्यांचं पिवळं हेल्मेट मॅनेजरसाहेबांनी माझ्या टेबलाशी आणून ठेवलं. म्हणाले, "तात्पुरतं बघा." हेल्मेट मला मोठं व्हायचं, पुढं घसरून चष्म्यावर यायचं. ते तात्पुरतं पाच वर्षं चाललं.

त्याच काळात आमच्यावर हल्ला झाला. म्हणजे मॉक ड्रिल. जिल्ह्याच्या एका कार्यालयाचं पत्र आलं की, प्रत्येक मोठ्या कारखान्यानं दहशतवादी हल्ल्याचा सराव करायचा आहे. ठरलेल्या दिवशी अकरा वाजता चार पोलीस दहशतवादी बनून येतील, आपण काय केलं ते लिहून तीन दिवसांत अहवाल पाठवायचा. सोबत सहा पानी फॉर्म.

त्या दिवशी साडेदहाला फोन आला. कुणा मोठ्या नेत्याचा दौरा अचानक ठरला होता आणि सगळी माणसं बंदोबस्ताला गेली होती. पलीकडचे गृहस्थ अगदी अदबीनं म्हणाले, "मॅडम, अतिरेकी तेवढे तुमच्यातलेच घ्या."

मॅनेजरसाहेब चिडले, पण ड्रिल पुढं ढकलली असती तर पुन्हा पत्रव्यवहार करावा लागला असता. कामावरचा माणूस मोकळा नव्हता. शेवटी कँटीनचे आचारी आणि फेटलिंग सेक्शनचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या कामाचा, एक उंच गडी अशा दोघांना तयार केलं. आचारी पन्नाशीचे, पोट सुटलेले. त्यांची एकच अट होती, बाराच्या आत मोकळं करायचं, कारण आमटीला फोडणी राहिली होती. दोघांनी तोंडाला फडकी बांधली. हत्यार म्हणून उंच गड्यानं एक पाइप घेतला आणि आचाऱ्यांना मेंटेनन्सवाल्यांनी ग्रीस गन, म्हणजे यंत्रात वंगण भरायची पिचकारी, दिली. नावात गन आहे म्हणून ती चालेल असं ठरलं.

हल्ला बाहेरून व्हायचा होता, त्यामुळं खरी अडचण गेटवर आली. आमचे वॉचमन लष्करातून निवृत्त झालेले. नियम म्हणजे नियम.

"कुणाकडं?" त्यांनी विचारलं.

"आमी अतिरेकी हाय," फडक्याआडून आचारी म्हणाले.

"असाल की. रजिस्टरला सही करा."

आचाऱ्यांनी सही केली. 'येण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी 'हल्ला' असं लिहिलं, 'कोणाकडून आलात' यात 'कँटीन'. मग वॉचमनची नजर ग्रीस गनवर गेली. ती कंपनीची वस्तू, बाहेरून आत येत होती, म्हणजे मटेरियल गेटपास पाहिजे. मला ऑफिसातून बोलावून घेतलं. मी उभ्या उभ्या पास फाडला, 'परत न्यावयाची वस्तू' यावर खूण केली आणि मगच अतिरेकी आत आले.

आत भट्टी उतरायला आली होती, म्हणजे लोखंडाचा रस लॅडलमध्ये, ओतायच्या मोठ्या भांड्यात, घ्यायची वेळ झाली होती. सायरन वाजला, मी हेल्मेट सावरत शॉपमध्ये धावले आणि ओरडले की सगळ्यांनी काम सोडून बाहेरच्या मैदानात चला. कुणी हललं नाही. मोल्डिंगचे म्होरके माझ्याकडं वळूनही न बघता म्हणाले, "मॅडम, रस तयार हाय. आता थांबलो तर लॅडलमधीच गोठंल. अतिरेक्यास्नी म्हणावं अर्धा तास दम काढा."

अतिरेक्यांनी दम काढला. भिंतीला टेकून उभे राहिले. मध्येच क्रेनचा हूक अडकला तेव्हा उंच गड्यानं पाइप खाली ठेवून तो सोडवून दिला आणि परत जागेवर जाऊन उभा राहिला. सगळे साचे ओतून झाल्यावर म्होरक्यांनी हात पुसले आणि त्यांना खुणेनं सांगितलं, हां, या आता. मग हल्ला झाला. सगळ्यांनी हात वर केले. आचाऱ्यांनी घड्याळाकडं बघितलं, बारा वाजायला आले होते. "बारा माणसं मेली असं धरा," ते मला म्हणाले आणि कँटीनकडं निघून गेले.

मेलेले बारा कोण हे ठरवताना युनियनच्या प्रतिनिधीनं मुद्दा काढला की, जे मेले त्यांना अर्धा दिवस सुटी मिळाली पाहिजे. ते कळल्यावर मेलेल्यांची संख्या चाळीसवर गेली. शेवटी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना जखमी केलं आणि जखमा किरकोळ आहेत असं जाहीर करून कामाला लावलं.

हे सगळं मी प्रामाणिकपणे अहवालात लिहिलं, रसाचं थोडं गाळून. अडले ते चौदाव्या रकान्यावर. तिथं छापलं होतं : 'हल्ल्यास जबाबदार संघटना (निश्चित करून नाव लिहावे)'. मी रकाना मोकळा सोडला. अहवाल परत आला, शेरा 'रकाना रिक्त'. मी 'लागू नाही' लिहिलं. परत आला, शेरा 'हल्ला झालेला असल्याने लागू आहे'. मी 'अज्ञात' लिहिलं. तोही परत आला, आणि या वेळी शेरा लांब होता : 'अज्ञात असल्यास अंतर्गत समिती नेमून संघटना निश्चित करावी व पंधरा दिवसांत कळवावे.'

मी फोन केला. म्हटलं, साहेब, खरा हल्ला नव्हता, आमचे आचारी होते. पलीकडून उत्तर आलं, "ते आम्हालाही माहीत आहे, मॅडम. पण संगणकात नाव टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

मग समिती झाली. मॅनेजरसाहेब, युनियनचे प्रतिनिधी, मी आणि कामगारांच्या सेफ्टी कमिटीवर असलेले पॅटर्न शॉपचे मिस्त्री.

मिस्त्रींबद्दल सांगायला पाहिजे. कास्टिंग ज्या आकाराचं करायचं त्याचा आधी लाकडाचा नमुना करतात, तो पॅटर्न. त्यावरून वाळूत साचा पडतो. हे काम करणारा माणूस केसभर चुकला तर पुढचा सगळा लॉट चुकतो, आणि मिस्त्री चुकलेले मी पाहिले नव्हते. कागलचे. वडील सुतारकाम करायचे, आजोबाही. घरी बायको आणि दोन मुली, थोरली डी.एड. झालेली. रमजानमध्ये दिवसभर पाण्याचा थेंब न घेता भट्टीशेजारच्या शेडमध्ये रंधा मारायचे आणि वर आम्हाला सांगायचे, "तुमी जेवा की, माझ्याकडं कशाला बघताय." बोलणं कमीच.

बैठक त्यांच्याच शॉपमध्ये घेतली, कारण तिथं मोठं टेबल होतं. आधी पुरावे बघायचे ठरलं. आचाऱ्यांना बोलावलं.

"तुम्ही कुणाच्या वतीनं हल्ला केलात?" मी विचारलं. विचारताना मला स्वतःची लाज वाटत होती, पण इतिवृत्तात प्रश्नोत्तरं लागतात.

"मॅनेजरसाहेबांनी पाठवलं," आचारी म्हणाले.

"माझं नाव घालू नका," मॅनेजरसाहेब म्हणाले.

मग गेटचं रजिस्टर आणलं. त्यात 'कँटीन' असं स्वच्छ अक्षरात होतं, खाली सही. पुराव्यानुसार हल्ल्यास जबाबदार संघटना कँटीन ठरत होती. युनियनचे प्रतिनिधी म्हणाले, हे चालणार नाही. कँटीनच्या जेवणाबद्दल आधीच तक्रारी चालू आहेत, कामगार हे वेगळ्या अर्थानं घेतील.

मॅनेजरसाहेबांनी मोबाइल काढला. कार्यालयानं मार्गदर्शनासाठी इतर कारखान्यांचे मंजूर झालेले अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "वाचा मोठ्यानं. त्यातलंच एखादं उचलू, दोन शब्द इकडंतिकडं करू."

मी वाचायला लागले. पहिल्या कारखान्याच्या चौदाव्या रकान्यातलं नाव वाचलं, दुसऱ्याचं वाचलं. सगळी मनानं रचलेली नावं, खरी कुठलीच नव्हती. पण सगळी एकाच तऱ्हेची, एकाच भाषेतून घेतल्यासारखी. तिसरं वाचताना माझा आवाज खाली गेला. चौथं मी वाचलंच नाही. टेबलाच्या पलीकडं मिस्त्री एका लाकडी नमुन्यावर पॉलिशपेपर फिरवत बसले होते. त्यांचा हात थांबला नव्हता.

"का थांबलात?" मॅनेजरसाहेब म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो.

मिस्त्रींनी पॉलिशपेपर खाली ठेवला.

"साहेब, एक सांगू का," ते म्हणाले. "टीव्हीवर कुठं काय झाल्याचं आलं की आमच्या घरात बाई चहासुदिक ठेवत न्हाई. सगळी टीव्हीम्होरं बसत्यात. कुणी केलं, नाव काय जाहीर हुतंय, ते बघत. मनात एकच, दुसरं कुणीतरी निघू दे. मेल्याल्या माणसांचं वाईट वाटायला आमास्नी उशीर हुतोय. आदी नाव यायला पायजे, मग वाईट वाटून घ्यायचं. असं हाय."

बाहेर फेटलिंगचे ग्राइंडर चालू होते.

"आनी दुसऱ्या दिवशी कँटीनला आलो की सगळी मलाच इचारत्यात. मिस्त्री, कुणी केलं असंल ओ? जसं काय मला तिकडनं पत्र आलंय. मी आपला पॅटर्न करतोय इथं सकाळपास्नं." ते माझ्याकडं वळले. आवाजात राग नव्हता. "तुमीबी इचारलासा एकदा, मॅडम."

मी विचारलं होतं. मला आठवलं. टीव्हीवर रात्रंदिवस तेच चाललं होतं त्या आठवड्यात. जेवणाचं ताट हातात घेऊन मी त्यांच्या समोर बसले होते आणि सगळे त्यांच्याशी तुटक वागताहेत असं वाटून, आपण आपलेपणानं बोलावं म्हणून मी विचारलं होतं, कुणी केलं असेल हो, मिस्त्री? ते म्हणाले होते, "कळंल की, पेपरात यील." आणि भात कालवायला लागले होते. आपण चांगलं वागलो असं समजून मी घरी गेले होते.

त्यानंतर समितीचं काम वेगळ्या दिशेनं गेलं. कुणालाच लागणार नाही असं नाव शोधायचं. हे वाटतं तेवढं सोपं नाही. मॅनेजरसाहेबांनी एक सुचवलं, ते कन्नड वाटत होतं. आमचे निम्मे ओतारी निपाणीकडून येणारे. त्यांच्यात आणि बाकीच्यांत सीमाप्रश्न कँटीनच्या रांगेत तसाही रोज निघायचा. मी एक संस्कृत वळणाचं सुचवलं, त्यावर युनियनचे प्रतिनिधी म्हणाले, "असल्या नावाचं आमच्या गल्लीत तरुण मंडळ हाय, मॅडम. गणपतीला दारात ईवून नाचतील." इंग्रजी नाव नको, परदेशी गिऱ्हाइकं कारखाना बघायला येतात. नुसतं अक्षर घातलं तर संगणक घेत नाही. तास गेला. मॅनेजरसाहेबांनी दोनदा चहा मागवला. आणून देताना आचारी, म्हणजे आरोपी क्रमांक एक, उभे राहून ऐकायला लागले.

दाराबाहेर मोल्डिंगची पोती रचली होती. मिस्त्रींनी तिकडं मान केली. "ते घाला."

पोत्यावर 'बेंटोनाइट' असं छापलेलं होतं. साच्याची वाळू एकमेकीला धरून राहावी म्हणून तिच्यात मिसळतात ती माती. करड्या रंगाची, पिठासारखी.

"कुणाची भाषा हाय ही?" युनियनच्या प्रतिनिधींनी विचारलं.

"कुणाची न्हाई. लांबनं येती. सगळ्यांच्या नाकात जाती, कुणाला सोडत न्हाई," मिस्त्री म्हणाले.

ठराव एकमतानं झाला. मी चौदाव्या रकान्यात 'बेंटोनाइट गट' लिहिलं. चार दिवसांत अहवाल मंजूर होऊन आला. शेऱ्यात 'समाधानकारक' असं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पुढं जे झालं त्याची कल्पना आम्हाला कुणालाच नव्हती. आमचा अहवाल इतका समाधानकारक ठरला की कार्यालयानं तो नमुना म्हणून सगळीकडं पाठवला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यांनी तो उतरवून काढला. त्यांच्यावरही बेंटोनाइट गटानंच हल्ला केला. मग शाळांचे सराव झाले, तेव्हा मुरगूडच्या एका शाळेवर केला. कुणीही रकान्यातलं नाव बदलण्याच्या भानगडीत पडलं नाही, कारण ते एकदा मंजूर झालेलं होतं. कुणीतरी तर आमच्या आचाऱ्यांची ग्रीस गनही जशीच्या तशी उतरवली होती.

वर्षभरानं जिल्ह्याच्या त्या कार्यालयाची आढावा बैठक झाली. मी पिवळं हेल्मेट ऑफिसात ठेवून, चांगली साडी नेसून गेले. तिथले साहेब नवीन होते, बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. पडद्यावर नकाशा होता, त्यावर लाल ठिपके. साहेब गंभीर आवाजात म्हणाले, "या जिल्ह्यात एका गटाच्या कारवाया लक्षात येण्यासारख्या वाढलेल्या आहेत."

मी मागच्या रांगेत उभी राहिले. "साहेब, ती माती आहे."

"म्हणजे सांकेतिक नाव?"

"नाही साहेब. खरीच माती. फाउंड्रीत वाळूत मिसळतात. पोत्यानं येते."

सभागृहात शंभरेक माणसं होती, त्यांतले निम्मे फाउंड्रीवाले. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. एकही हसला नाही, एकही बोलला नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, "तुम्ही हे लेखी द्या."

मी लेखी दिलं. सदर संघटना अस्तित्वात नाही, ते नाव आमच्या समितीनं रकाना भरण्यासाठी योजलं होतं, वगैरे. आठ दिवसांत उत्तर आलं. मी ते तीन वेळा वाचलं. 'संघटना अस्तित्वात नसल्याबाबत संघटनेच्या जबाबदार पदाधिकाऱ्याने समक्ष उपस्थित राहून निवेदनावर स्वाक्षरी करावी.'

मॅनेजरसाहेबांनी पत्र वाचलं आणि मिस्त्रींना बोलावून घेतलं. "नाव तुम्ही सुचवलेलं ना? मग जाऊन तेवढी सही करून या. दहा मिनिटांचं काम आहे."

मिस्त्री बरं म्हणाले. एप्रन काढून खुंटीला लावला आणि भुशानं हात चोळून साफ करायला लागले. मी त्या हातांकडं बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर ती फाइल आली. सरकारी कागद, वर गटाचं नाव, खाली 'पदाधिकारी', आणि त्यापुढं मिस्त्रींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कागलच्या पत्त्यासकट. ती फाइल दहा वर्षांनी कुणीतरी उघडणार. तोपर्यंत आचारी कुठं असतील, मॅनेजरसाहेब कुठं असतील, माती काय असते हे उघडणाऱ्याला ठाऊक असेल का.

"मी जाते," मी म्हटलं. "समितीची सचिव मी होते. संघटनेचीही मीच."

मॅनेजरसाहेबांना काहीच फरक पडत नव्हता. मिस्त्रींनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "मी येतो संगट. तिथं लई बसवत्यात, एकट्या कंटाळशिला."

बसवलंच. दीड तास. शेवटी एका क्लार्कनं आत घेतलं. तरुण होता, पण कंटाळलेला.

"पद?"

"सरचिटणीस," मी म्हटलं.

"संघटनेत कधीपासून?"

"स्थापनेपासून."

"सभासद किती?"

"दोघं. एक स्वयंपाक करतात, एक फेटलिंगला आहेत."

त्यानं सगळं टाइप केलं. मग मान वर करून मिस्त्रींकडं बघितलं. "आणि हे? यांचं नाव काय?"

"यांचा संघटनेशी काहीही संबंध नाही," मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. "हे सभासद नाहीत. कधीच नव्हते."

क्लार्क दचकला. "अहो ताई, साक्षीदार लागतो म्हणून विचारलं. खाली साक्षीदाराची सही आहे."

मी मिस्त्रींकडं बघितलं. त्यांनी कागद हातात घेतला, खिशातून चष्मा काढला आणि उभ्यानं सगळं वाचलं. एकदा, मग परत पहिल्यापासून. 'बेंटोनाइट गट ही संघटना अस्तित्वात नाही, पूर्वी नव्हती व यापुढे राहणार नाही.' खाली माझी सही. त्याच्या खाली त्यांनी सही केली, पूर्ण नाव घालून, पॅटर्नवर नंबर घालतात तशा सुटसुटीत अक्षरात. क्लार्कनं शिक्का मारला. आमची संघटना तिथं संपली.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी कँटीनमध्ये मी तसं विचारायला नको होतं."

"ऱ्हाऊ दे ओ," ते म्हणाले. "तुमी तोंडावर तरी इचारलासा."

आम्ही गाडीपाशी आलो. मी माझी प्रत पर्समध्ये घालणार तेवढ्यात ते म्हणाले, "त्या कागदाची एक झेरॉक्स मला मिळंल का?"

"तुम्हाला कशाला?"

"असू दे की. माझी सही हाय, वर सरकारी शिक्का हाय. गट न्हाई म्हणून मी लिहून दिलंय असं तरी दिसंल."

ते चेष्टा करत नव्हते. समोरच झेरॉक्सचं दुकान होतं, तिथं गेलो. प्रत निघाल्यावर मिस्त्रींनी ती उजेडात धरून बघितली, शिक्का नीट उमटलाय का ते. मग दुकानदाराला म्हणाले, "पावणं, लॅमिनेशन बी करून द्या."

दुकानदारानं कागद घेताना वरच्या दोन ओळी वाचल्या, गटाचं नाव आणि माझं पद. माझ्याकडं बघितलं, मिस्त्रींकडं बघितलं. मशीन तापायला वेळ होता, तोवर त्यानं आम्हाला बसायला दोन स्टुलं दिली.